प्रवरेच्या खोऱ्यात चार दिवस

गुरुवार

आईने एकच अट घातली होती. समुद्र नको, देवस्थानाची रांग नको, जिथे जाऊ तिथे नुसतं बसून राहता आलं पाहिजे. गुडघ्यांमुळे वर्षभर ती ठाण्याच्या घरातून फारशी खाली उतरली नव्हती. भाद्रपद संपत आला होता, पाऊस ओसरला होता पण गेला नव्हता. मी भंडारदरा सुचवलं. "तिकडे भात असेल ना अजून शेतात?" एवढंच तिने विचारलं आणि बॅग भरायला घेतली.

ठाण्याहून सकाळची एक्सप्रेस घेतली. कसाऱ्याला गाडी थांबते तेव्हा मागून जादा इंजिनं लागतात, कारण पुढे थळ घाट आहे. ३७ फूट पुढे जाताना १ फूट वर, असा हा चढ. इंजिनं लागताना डब्याला बसणारा तो एक हलका धक्का मला लहानपणापासून आवडतो. त्या धक्क्यानंतर खिडकीतली हवा बदलते.

इगतपुरीहून जीपने घोटी. घोटी हे भाताच्या गिरण्यांचं गाव, बाजारातून जाताना कोंड्याचा कोमट वास येत राहतो. आईने पदर नाकाला लावला नाही, उलट मान खिडकीबाहेर काढली. तिचं माहेर कर्जतजवळ, लग्नाआधीची सगळी वर्षं भातशेतीत गेलेली. "जुनं भात भरडतायत," ती म्हणाली. "नव्याचा वास वेगळा असतो."

घोटीहून एसटी मिळाली. बारी गावाशी उजव्या हाताला कळसूबाईचं शिखर असायला हवं होतं, १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच. तिथे फक्त ढग होता. शेजारच्या बाकावरच्या आजींनी तरीही त्या ढगाकडे बघून हात जोडले. पुढच्या आठवड्यात घट बसले की नऊ दिवस वर यात्रा, म्हणाल्या. वयाची सत्तरी उलटलेली, पण यंदाही शिड्या चढून जाणार होत्या.

भंडारदऱ्याच्या शेंडी गावाला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. ज्यांच्या घरी राहायचं होतं ते दादा स्वतःची जीप घेऊन घ्यायला आले होते. घर पांजऱ्याला, भंडारदरा धरणाच्या जलाशयाच्या उत्तर काठावर. कौलारू छप्पर, शेणाने सारवलेली पडवी, आत एका कोपऱ्यात बांबूची मोठी कणगी. ओट्यावरून उतरलं की भाताची खाचरं सुरू होतात आणि पायरीपायरीने खाली पाण्यापर्यंत जातात. पाण्यापलीकडे रतनगड आणि त्याच्या बाजूला उभा खुट्टा सुळका. बांधावर पिवळीधमक सोनकी आणि गुलाबी तेरडा. वरच्या उतारावर खुरासणी फुलली होती, तिचा पिवळा सोनकीपेक्षा जरा गडद.

चहा व्हायच्या आतच आई खाचरात उतरली होती. मी धावले, पडेल म्हणून. ती बांधावर नीट पाय रोवून उभी होती. एक लोंबी हातात धरून तिने त्यातला एक हिरवा दाणा नखाने दाबला. पांढरा थेंब बाहेर आला. तिने तो जिभेवर टेकवला आणि मलाही एक दाणा दाबून दिला. किंचित गोड, कच्च्या पिठासारखी चव.

"दूध भरलंय. आता जोराचा पाऊस नको. आडवं झालं तर दाणा फोल राहील."

घरातल्या ताई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आई, तुमी शेतीवाल्या का?"

"होते," आई म्हणाली.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत मला त्या दोघींच्या बोलण्यात जागा नव्हती. आईकडे ज्याला लावणी म्हणतात त्याला इथे आवणी म्हणतात, कापणीला सोंगणी. राब मात्र दोन्हीकडे राबच. फाल्गुन-चैत्रात पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजायची आणि मग तिथे रोपं टाकायची. माझी आई हे सगळं इतकं तपशिलात बोलू शकते, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. आमच्या घरात भाताचा विषय किलोच्या पुढे कधी गेलाच नव्हता.

रात्री नागलीची भाकरी, पिठलं, दोडक्याची भाजी. कौलांवर पाऊस आला आणि थोड्या वेळात गेला.

शुक्रवार

आज जलाशयाला वळसा घातला. पांजऱ्याहून उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि मग दक्षिणेकडून शेंडीला परत, असा रस्ता आहे. दादा म्हणाले, घाटघरला धुकं दुपारीच उठतं, म्हणून आधी उलट दिशेने रतनवाडीला गेलो.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर मी पूर्वी फोटोत पाहिलं होतं, आणि फोटोत ते एक काळं, सुबक, छोटं मंदिर दिसतं. प्रत्यक्षात त्याच्यासमोर उभं राहिल्यावर पहिली अर्धी घटका मी शिखराशिवाय काहीच पाहिलं नाही. हे भूमिज शैलीचं शिखर. पायथ्यापासून कळसाकडे नक्षीचे उभे पट्टे निघतात आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या ओळी रचलेल्या असतात. एकावर एक, वर जाताना आकाराने कमी होत जाणाऱ्या. म्हणजे एका शिखराच्या अंगावर कितीतरी शिखरं. त्या प्रत्येक छोट्या शिखरालाही स्वतःचा कळस आहे. पावसाने दगड काळाकुळकुळीत झाला होता, खाचांमध्ये शेवाळ धरलं होतं, आणि हिरव्या रेघांमुळे कोरीवकाम जास्तच उठून दिसत होतं. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालयं बांधली, त्यातलं हे एक, असं सांगतात. रतनगडाच्या अंगावर प्रवरा उगम पावते, त्यामुळे जागा तर बरोबर जुळते.

पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं. पुजाऱ्यांनी बॅटरीचा झोत टाकला तेव्हा पिंडी पाण्याखाली होती आणि वर दोन बेलाची पानं तरंगत होती. आई उंबऱ्याशी बसून राहिली. बसायला मिळावं ही तिची अट इथे पुरी झाली. तेवढ्यात मी पुष्करिणी पाहून आले. चारी बाजूंनी बांधलेली, भिंतींत कोनाडे, कोनाड्यांत मूर्ती. चार पायऱ्या उतरताच वरचा वारा बंद होतो.

प्रवरेला इकडे अमृतवाहिनी म्हणतात. मोहिनीने अमृत वाटलं, राहूचं शिर उडवलं आणि त्याच्या कंठातल्या अमृताची धार इथून वाहिली, ही इथली कथा. खाली नेवाशाला, जिथे ही नदी गोदावरीला मिळण्याआधी शेवटचं वळण घेते, तिथे मोहिनीराजाचं देऊळ आहे. नदीच्या वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला एकच गोष्ट सांगितली जाते, हे मला फार आवडलं. आणि त्याच नेवाशाला, १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवर निरूपण केलं. आई वारी करणाऱ्या घरातली. ती म्हणाली, "म्हणजे माऊलींनी हेच पाणी प्यालेलं." मी हो म्हणाले.

साम्रदला सांदण दरीच्या तोंडापर्यंतच गेलो. जमिनीला पडलेली उभी भेग, आत दोन्ही बाजूंना शेकडो फुटांच्या भिंती. पावसाळ्यात आत पाण्याचा लोंढा येतो आणि उतरायला बंदी असते. आम्ही उतरणार नव्हतोच.

वाटेत दादांनी राघोजी भांगरे यांचं नाव काढलं. अकोले तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी समाजाचे. इंग्रज सरकार आणि सावकार यांच्याविरुद्ध त्यांनी याच डोंगरांत बंड उभारलं. "ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं त्यांना," दादा म्हणाले. "तुमच्याच गावात." २ मे १८४८. मी त्या तुरुंगाच्या भिंतीजवळून आठवड्यातून पाच वेळा जाते. इतक्या वर्षांत त्या भिंतीच्या आत या खोऱ्यातला माणूस माझ्या मनात कधी आला नव्हता. पुढे बराच वेळ मी काही बोलले नाही.

घाटघरचा कोकणकडा. पोहोचलो तेव्हा समोर नुसतं पांढरं. कठड्याला धरून आम्ही उभ्या राहिलो, अंगावर बारीक ओल बसत होती. मग वाऱ्याने धुकं ओढून बाजूला केलं आणि एकदम खाली सगळं कोकण उघडलं. उजवीकडे अलंग, मदन, कुलंग एका रांगेत. खाली, शहापूरच्या बाजूला, एक लहान जलाशय चकाकत होता. हा घाटघरचा उदंचन प्रकल्प. वरच्या धरणातलं पाणी डोंगराच्या पोटातून खाली सोडून विजेच्या जास्त मागणीच्या वेळी वीज करायची, आणि मागणी कमी असेल तेव्हा तेच पाणी पंपाने परत वर चढवायचं. २५० मेगावॅटचा हा प्रकल्प २००८ पासून चालू आहे.

पण मला त्या कड्यावर थांबवून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. ही पाणलोटाची धार आहे. कड्याच्या पश्चिमेला पडलेला पाऊस कोकणातून अरबी समुद्राला जातो. माझ्या पाठीमागे पडलेला प्रवरेत, प्रवरेतून गोदावरीत, आणि सगळा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला. आईला हे सांगितलं तेव्हा तिने वर ढगाकडे पाहिलं, मग एकदा पुढे आणि एकदा मागे. "आणि इथे राहातं किती?" तिने विचारलं.

दादा म्हणाले, "इथं काय ऱ्हातंय आई."

शनिवार

सकाळी पाऊस लागून राहिला, म्हणून घरीच. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, ठाण्याच्या साधारण दुप्पट. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात याला. त्याच जिल्ह्याचे पूर्वेकडचे तालुके कोरडे. ओट्यावर बसून मी तो पाऊस खाचरात पडताना पाहिला. वरच्या खाचरातून बांधाच्या तोंडाने खालच्यात, तिथून त्याच्याही खालच्यात, शेवटी जलाशयात. कुठेच थांबत नव्हता.

कारण खाली कातळ आहे. काळ्या पाषाणाचे थरांवर थर, वर हातभर माती, आणि उतार तीव्र. पाणी मुरायला जागा नाही. चार महिने डोळ्यांना पुरून उरणारं पाणी फाल्गुनात आटायला लागतं. ताईंनी ते असं सांगितलं, "आता चारी बाजूनं पानी दिसतंय ना ताई? वैशाखात या. समोरचं तळंबी खाली खाली जातं, नुसता गाळ ऱ्हातो. हंडा घिऊन किती उतरायचं?"

समोरचं तळं म्हणजे भंडारदऱ्याचं धरण. दुपारी पाऊस थांबल्यावर ते पाहून आलो. १९१० साली काम सुरू झालं, १९२६ साली पुरं झालं, तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावावरून विल्सन डॅम. दगडी भिंत, उंची सुमारे २७० फूट, पोटात ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट, पाणी. भिंतीच्या पायथ्याशी पाणी खडकावरून पसरून पडतं, त्याला सगळे अंब्रेला फॉल म्हणतात. तिथे गर्दी होती, आम्ही लगेच रंध्याला गेलो. रंधा धबधबा सुमारे १७० फुटांचा. नदी सपाट माळावरून शांतपणे येते आणि एकाएकी घळीत उडी घेते. आवाज छातीत ऐकू येतो.

याच पाण्यावर खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडची शेती उभी राहिली, ऊस उभा राहिला. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभारला आणि १९५०-५१ च्या हंगामात तिथे गाळप झालं. महाराष्ट्राच्या सहकाराची कथा तिथून सांगतात, आणि ती मोठीच कथा आहे. तिच्याबद्दल मला आदर आहे. पण मला वाटतं ती सांगताना सुरुवात पांजऱ्याच्या ओट्यापासून करायला हवी. ज्यांच्या कौलांवर हा पाऊस पडतो त्यांच्या हंड्यापर्यंत तो उन्हाळ्यात पोहोचत नाही, हे अन्यायाचं आहे. याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

परत आल्यावर ताईंनी आईला कणगीमागची बियाण्याची गाडगी दाखवली. तोंडाला राख-मातीचा लेप. एकात काळभात, एकात जिरवेल, बाकीच्यांत वाल, डांगराच्या बिया, घेवड्याचे चार प्रकार. याच तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी गावठी वाणं जमवून बियाण्यांची बँक उभी केली आणि त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. ताई म्हणाल्या, त्याच्यानंतर इकडे बायका गाडगी फेकायच्या थांबल्या. आईने काळभाताचे दाणे तळहातावर घेतले. टरफल काळसर, दाणा बारीक. तिने ते बराच वेळ बोटाने फिरवले, हुंगले, आणि एकही खाली न सांडता गाडग्यात परत टाकले.

मग उत्पन्नाचा विषय निघाला. भात घरापुरता. उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचा, वाळवायचा आणि विकायचा. पर्यटक येतात ते दोनदा, पावसात आणि काजव्यांच्या वेळी. मे अखेर ते मृगाचे पहिले दिवस, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं लुकलुकतात. काजव्याचा नर लुकलुकतो तो मादीला खूण करायला. गाड्यांचे दिवे त्याच्यावर मारले की ती खूण पुसली जाते. अळ्या ओल्या मातीत आणि पाल्यात वाढतात, तिथे गाड्या उभ्या केल्या की पुढच्या वर्षीचे काजवे चिरडले जातात. दादा वाटेवर दगड लावून गाड्या झाडांपासून दूर थांबवतात. त्यावरून दरवर्षी भांडणं होतात, तरी ते लावतात.

रात्री त्याचाच प्रत्यय आला. काठावरच्या तंबूंच्या एका तळावर स्पीकर लागला. पाण्यावरून आवाज सरळ येतो, भिंतीशेजारी वाजल्यासारखा. गोठ्यातलं वासरू दाव्याला हिसके देत राहिलं. ताई उठून त्याच्याजवळ जाऊन बसल्या. आम्ही शहरातली माणसं शांततेसाठी इतक्या लांब येतो आणि येताना तो आवाज बरोबर घेऊन येतो. मला तोंड वर करून ताईंकडे बघवेना. साडेबाराला ते थांबलं. मग बेडूक, आणि त्यांच्या मागे पाण्याचा तो बारीक, सतत वाहता आवाज, जो दिवसा ऐकूच आला नव्हता.

रविवार

पहाटे आभाळ स्वच्छ. रतनगडाच्या माथ्यावरचं नेढं प्रथमच स्पष्ट दिसलं. डोंगराला आरपार भोक, त्यातून पलीकडचा उजेड. आईने चष्मा पुसून पुसून पाहिलं.

एसटी शेंडीहून होती, हाताशी दोन तास होते. ताई म्हणाल्या, चला, आमची उन्हाळ्याची विहीर दाखवते. गावाच्या खालच्या अंगाला, बांधाबांधाने दहा मिनिटं. आईला थांबवायचा मी प्रयत्न केला. तिने काठी घेतली आणि ताईंचा हात धरला.

विहीर काठोकाठ भरलेली होती. वाकून ओंजळीने पाणी घेता येईल इतकी. आत आकाश दिसत होतं, कडेला एक बेडूक. मी म्हटलं, इतकं पाणी! ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी काठावरच्या एका लांब दगडावरचा पालापाचोळा हाताने बाजूला केला. दगडाच्या कडेला चर होते. दोराने घासून पडलेले, गुळगुळीत, काही बोटभर खोल. शेजारी शेजारी, सात.

"हा सासूबाईंच्या आधीचा," त्या सगळ्यात खोल चरावर हात ठेवून म्हणाल्या. "दोर आपसूक त्यातच बसतो. हा इकडचा आमच्या टायमाचा." तो जेमतेम पेराएवढा होता. वैशाखात तळाशी वीतभर पाणी असतं. पहाटे तीनला नंबर लावायचा, पोहरा टाकायचा, भरेपर्यंत थांबायचं.

आई खाली बसली. गुडघे वाकत नाहीत तिचे, तरी बसली. तिने त्या खोल चरात बोट घातलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मग दुसऱ्यात. मग तिसऱ्यात. आम्ही दोघी उभ्या राहिलो. खाचरांवरून वारा आला की सगळं भात एका दिशेला झुकत होतं आणि परत उभं राहत होतं.

"माझ्या माहेरच्या विहिरीला पाच होते," ती म्हणाली.

शेंडीला एसटी अर्धा तास उशिरा आली. ताईंनी आईला आत बसवलं, खिडकीशी, आणि खालून सांगितलं, "आता मोत्यावानी पानी बघून चालल्या. वैशाखात या, आई. मंग तुमी दोर धरा, मी हंडा उचलते."

आई हो म्हणाली. घरी आल्यावर तिने दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून कॅलेंडर मागून घेतलं. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याची रजा मी टाकली आहे.